खनिजावर प्रोटीन, त्यात मीठ: मालिका लावण्याआधी हे वाचा

खनिजाच्या कणांवर किती प्रोटीन चिकटतं (ॲडसॉर्प्शन) ते मीठ बदलत मोजायच्या या कामात नवीन आलात की कोणीतरी सांगतंच, "मीठ वाढवलं की ॲडसॉर्प्शन कमी होतं." पाठ करू नका. लायसोझाइम हे प्रोटीन आणि सिलिका हे खनिज यांच्यापुरतं ते बरंचसं खरं आहे: पीएच ७ ला सिलिकाचा भार ऋण, लायसोझाइमचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला प्रोटीनचा एकूण भार शून्य होतो तो) ११ च्या आसपास, म्हणून ते धन, आणि सोडियम क्लोराइड त्यांच्यातली ओढ झाकतं. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) घेतलंत तर ते आणि सिलिका दोघेही ऋण. तेच मीठ आता दुरावा कमी करतं आणि चिकटणं वाढू शकतं. शिवाय पृष्ठभाग भरत आला की चिकटलेले लायसोझाइमचे रेणू एकमेकांनाच ढकलतात, मीठ तेही शमवतं. त्यामुळे कमी प्रोटीनला एक कल आणि भरल्या पृष्ठभागावर दुसरा दिसला तर घाबरू नका, तुमचं काही चुकलेलं नसेलही.

मिठाच्या पातळ्या निवडताना मात्र डोकं वापरा. १ मिलिमोलरला डिबाय लांबी (भाराचा प्रभाव द्रावणात जिथवर पोचतो ते अंतर) साधारण ९.६ नॅनोमीटर असते, १०० ला जेमतेम १. म्हणजे खरा बदल खालच्या टोकाला होतो. १, ३, १०, ३०, १०० मिलिमोलर असं जा. आणि बफरसुद्धा मीठच आहे! पीएच ७ चा ५० मिलिमोलर फॉस्फेट बफर एकटाच आयनिक स्ट्रेंथ (द्रावणातल्या सगळ्या आयनांचा, त्यांच्या भारासकट, एकत्र हिशोब) १०० मिलिमोलरच्या घरात नेतो. त्यात १ मिलिमोलर मीठ घालून काय दिसणार?

आता मला ज्याने सर्वांत जास्त छळलं ते. आपण मोजतो काय? घातलेलं प्रोटीन वजा सेंट्रिफ्यूजनंतर सुपरनेटंटमध्ये, म्हणजे वरच्या द्रवात, उरलेलं. उरलेलं मोजायचं २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाला, जो प्रोटीन शोषतं. कमी मिठात खनिजाचे बारीक कण एकमेकांना ढकलत तरंगत राहतात, नेहमीच्या वेगाला खाली बसत नाहीत. मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज तर फारच त्रास देतं. सुपरनेटंट डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पण कण प्रकाश विखुरतात आणि मशीन ते शोषण म्हणून दाखवतं. तुम्ही समजता, प्रोटीन उरलंय. मीठ वाढलं की कण गोळा होऊन तळाला जातात, रीडिंग उतरतं आणि आलेखावर "मिठाने ॲडसॉर्प्शन वाढतं" अशी देखणी रेघ उमटते. प्रयोग पुन्हा केला तरी तीच रेघ, कारण कणही पुन्हा तसेच वागतात. पुनरावृत्ती जमली की आपला विश्वास बसतो. घात तिथेच होतो.

म्हणून मिठाच्या प्रत्येक पातळीला खनिज आहे पण प्रोटीन नाही अशी ट्यूब (ब्लँक) लावा. प्रत्येक पातळीला, एकच ब्लँक सगळीकडे वजा करून नाही. तेवढ्यानेही भागत नाही, कारण प्रोटीन स्वतःच कणांना गोळा करतं किंवा तरंगत ठेवतं. ३५० नॅनोमीटरलाही वाचा. तिथे साध्या, रंगहीन प्रोटीनचं शोषण जवळपास शून्य असतं. आकडा दिसला तर २८० वर विश्वास ठेवू नका. त्या आकड्याला गुणक लावून २८० ची दुरुस्ती करायची पळवाट मला मुळीच आवडत नाही. जास्त वेगाने फिरवा, बस. खनिजाविना प्रोटीन आणि मीठ अशीही ट्यूब हवी. भिंतीला चिकटलेलं किंवा साकळलेलं प्रोटीन नाहीतर खनिजाच्या खात्यावर जमा होतं.

गाईड आलेख पाहून "छान, पुढे चला" म्हणाले तर खूश होऊ नका. कच्ची रीडिंग मागणारा कटकट्या सीनियर शोधा, तो जास्त उपयोगाचा.

कॅल्शियमकडे वळलात तर १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडची आयनिक स्ट्रेंथ ३० असते. तुलना ३० मिलिमोलर सोडियम क्लोराइडशी करा. तरीही फरक उरला तर तो बहुधा खरा आहे: ऋण पृष्ठभाग आणि प्रोटीनचे कार्बोक्सिल गट यांच्यात कॅल्शियम पूल बांधतं. फक्त फॉस्फेट बफरमध्ये हे करू नका, कॅल्शियम फॉस्फेट साकळून प्रोटीन सोबत नेऊ शकतं. ॲल्युमिना किंवा लोहाच्या ऑक्साइडवर तर फॉस्फेट स्वतःच जागा अडवतं. हायड्रॉक्सीॲपटाइटवर (हे कॅल्शियम फॉस्फेटचं खनिज) अडकलेली आम्लधर्मी प्रोटीनं नुसत्या सोडियम क्लोराइडने सहसा सुटत नाहीत, फॉस्फेटने सुटतात. तिथे "मीठ" एवढंच लिहून चालत नाही, कोणतं ते लिहा. आणि पीएच शेवटी, खनिज आत असताना पुन्हा मोजा.