ताबा घेतलात? पहिल्या पावसात भिंती बघा

रत्नागिरी-मालवणकडे नव्या फ्लॅटची खरी परीक्षा मृगाच्या सरींत होते. आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली पहिल्याच जुलैत हाताएवढा ओलाव्याचा डाग उमटला. बिल्डर म्हणाला, "कोकणात ओल यायचीच!" यायची खरी, पण खिडकीची चौकट नीट भरलेली नसेल तर तो दोष बांधकामाचा, पावसाचा नव्हे.

रेरा म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियमन ठेवणारा स्थावर मालमत्ता कायदा. त्याच्या कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा वा कारागिरीचा दोष दाखवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा; नाही केला तर भरपाई मागता येते. म्हणून ताबापत्रावरची तारीख जपा. फोनवर बोलून भागत नाही, फोटोंसह ईमेल करा किंवा पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. स्लॅबला तांबूस डाग दिसले तर तेही लिहा. खाऱ्या हवेत सळई लवकर गंजते.

एक गोम आहे. जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट 8 पर्यंत असतील तर त्या प्रकल्पाला रेरा नोंदणी सक्तीची नसते, आणि आपल्याकडे अशा छोट्या इमारती बऱ्याच. तिथे बुकिंगआधीच दोषदुरुस्तीची मुदत करारनाम्यात लिहून घ्या.