फाशीच्या शिक्षेतून निर्दोष सुटल्यानंतर काय करावे

सुटका होताच निकालपत्राची प्रमाणित प्रत मिळवावी, कारण शिधापत्रिका, आधार, बँक खाते, पोलिसांची चारित्र्य पडताळणी अशा प्रत्येक ठिकाणी पुढे हाच कागद उपयोगी पडतो.

नुकसानभरपाई आपोआप मिळत नाही. चुकीच्या खटल्याच्या भरपाईसाठी स्वतंत्र कायदा करण्याची शिफारस विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७व्या अहवालात केली, तरीही मुख्य मार्ग संविधानाच्या अनुच्छेद ३२ (सर्वोच्च न्यायालय) किंवा २२६ (उच्च न्यायालय) खालील रिट याचिकेचाच, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट या न्यायालयांत केलेल्या अर्जाचाच आहे. निर्दोष सुटूनही तुरुंगात ठेवलेल्या रुदल शाह यांना भरपाई देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८३ च्या निकालाने तो खुला झाला. वकील परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. याचिकेत तुरुंगातील वर्षे, बुडालेली मजुरी, कुटुंबाने काढलेले कर्ज आणि आजारपण हे सारे कागदपत्रांसह मांडावे. नाशिक जिल्ह्यातील एका खटल्यात भटक्या जमातीच्या ज्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी ठोठावली होती, त्यांना त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. पंधराहून अधिक वर्षांच्या कैदेसाठी ही रक्कम मला अत्यंत अपुरी वाटते, पण याचिकेत दाखला म्हणून ती मोलाची आहे.

घरच्यांनी घाई करू नये. फाशीची वाट पाहत काढलेल्या रात्रींचा परिणाम झोपेवर आणि बोलण्यावर दीर्घकाळ राहू शकतो. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाची भेट लवकर घ्यावी, आणि काम सुरू करण्याचा निर्णय त्या व्यक्तीवरच सोपवावा.