डीएनए नॅनोस्ट्रक्चर सीरममध्ये टिकवायचंय? आधी स्ट्रँडची टोकं बघा

बफरमध्ये मस्त राहणारं डीएनएचं टेट्राहेड्रॉन (चार तोंडांचा पिंजरा) किंवा ओरिगामी (लांब स्ट्रँडला छोट्या स्ट्रँडनी घड्या घालून केलेला आकार) सीरममध्ये (रक्तातल्या पेशी आणि गुठळी काढून उरलेला द्रव) टाकलं की काही तासांत जेलवरचा बँड गायब होतो, मग लोक सगळं डिझाइनच बदलायला घेतात. एवढं करायची गरज नसते, ऑलिगो (छोटे कृत्रिम डीएनए स्ट्रँड) ऑर्डर करतानाच टोकांना कॅप, म्हणजे टोक झाकणारा रासायनिक गट, लावून घेतली तरी बराच फरक पडतो. पण कुठल्या टोकाला काय लावायचं हे आधी ठरवा.

सगळ्यात आधी बघा की स्ट्रक्चर नक्की कशानं मोडतंय. ओरिगामी बऱ्याचदा १२.५ मिलीमोलर मॅग्नेशियममध्ये बनवतात आणि रक्तात ते १ मिलीमोलरच्या आसपास असतं, त्यामुळे काही स्ट्रक्चर्स एन्झाइम नसतानाही उलगडतात. म्हणून सीरम न घालता नुसत्या मीडियममध्ये ३७ डिग्रीला ठेवून बघा. तिथेच मोडलं तर कॅप लावून काहीही होणार नाही, मिठाचा प्रश्न आधी सोडवा.

तिथे टिकलं म्हणजे मग एन्झाइमचा, म्हणजे डीएनए कापणाऱ्या न्यूक्लिएजचा प्रश्न. एक्सोन्यूक्लिएज टोकापासून कुरतडत जातं, एन्डोन्यूक्लिएज (डीएनेज वन त्यातलंच) मधेच कापतं. टोकावरचं मॉडिफिकेशन फक्त पहिल्याला अडवतं, हे डोक्यात पक्कं ठेवा नाहीतर नंतर उगाच निराशा होते. सीरममधली एक्सोन्यूक्लिएज मुख्यतः ३ प्राइम टोकाकडून (स्ट्रँडची सुरुवात ५ प्राइम, शेवट ३ प्राइम) खातात, म्हणून पैसे कमी असतील तर आधी ३ प्राइम झाका.

पर्याय बरेच आहेत, फॉस्फेट, सी३ स्पेसर, इन्व्हर्टेड डीटी, हेक्साएथिलीन ग्लायकॉल, हेक्सेनडायॉल. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या हनादी स्लायमन यांच्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं होतं की यातली शेवटची दोन साधी मॉडिफिकेशन्स लावूनही सीरममधलं आयुष्य चांगलं वाढतं. शेवटचे दोन-तीन बाँड फॉस्फोरोथायोएट करणं (फॉस्फेटमधल्या एका ऑक्सिजनच्या जागी सल्फर) हाही चालणारा मार्ग आहे, फक्त पूर्ण स्ट्रँडभर सल्फर लावत बसू नका, असा स्ट्रँड प्रोटीनला चिकटतो आणि जोडी बांधण्याची ताकदही कमी होते.

एक गोष्ट ऑर्डर करताना सुचत नाही. सिंथेसिस ३ प्राइमकडून सुरू होतं, त्यामुळे तिथलं मॉडिफिकेशन अर्धवट राहिलेल्या साखळ्यांवरही असतं, पण ५ प्राइमचं शेवटच्या पायरीत लागतं म्हणून ते फक्त पूर्ण साखळीवर येतं, आणि ५ प्राइमवर कोलेस्टेरॉल किंवा डाय (स्ट्रँड दिसावा म्हणून लावलेला चमकणारा रंग) घेणार असाल तर एचपीएलसीनं शुद्ध करूनच घ्या. कोलेस्टेरॉल जपून वापरा, एका स्ट्रक्चरवर जास्त झाले की स्ट्रक्चर्स एकमेकांना चिकटून गोळा होतो.

आता लायगेशन, म्हणजे लायगेज एन्झाइमनं दोन टोकं जोडणं. स्ट्रक्चरच्या आत जिथे एका स्ट्रँडचं शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात समोरासमोर येते त्या निकवर कॅप लावण्यापेक्षा ती शिवून टाकणं मला जास्त पटतं, टोकच उरलं नाही तर खाणार काय. पण टी४ लायगेजला ५ प्राइमला फॉस्फेट आणि ३ प्राइमला मोकळा हायड्रॉक्सिल लागतो, म्हणजे जिथे शिवायचंय तिथे ३ प्राइम कॅप लावून चालणारच नाही. डिझाइनच्या चित्रावर प्रत्येक टोकासमोर "शिवायचं" की "झाकायचं" लिहा आणि मगच ऑर्डर द्या.

बाहेरच्या कडांवर ब्लंट टोकं (दोन्ही स्ट्रँड एकाच जागी संपणारी) असली की ती एकमेकांवर बसतात म्हणून लोक टी-टी-टी-टी (चार थायमिनच्या) शेपट्या लावतात, ते बरोबरच आहे, फक्त अशी सिंगल स्ट्रँड शेपटी एक्सोन्यूक्लिएजला आयती मिळते, तेव्हा शेपटीचं ३ प्राइम टोकही झाका.

टेस्टिंगला १० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाचं सीरम), ३७ डिग्री, ०, १, २, ४, ८, २४ तासांना सॅम्पल, आणि शेजारी कॅप नसलेलं तेच स्ट्रक्चर, हे नसेल तर आकड्याला अर्थ नाही. एफबीएस ५६ डिग्रीला गरम केलेलं आहे म्हणून न्यूक्लिएज मेले असं समजू नका. एन्झाइम थांबवायला ईडीटीए चालतं पण ते मॅग्नेशियमही ओढून घेतं, म्हणून ते डिनेचरिंग जेलच्या (स्ट्रँड सुटे करून बघायच्या) सॅम्पललाच घाला, नेटिव्ह जेलचं (स्ट्रक्चर अखंड ठेवून बघायचं) सॅम्पल लगेच फ्रीज करा. सीरमचं प्रोटीन चिकटून बँड वर सरकतो, तसं दिसलं तर प्रोटीनेज के (प्रोटीन पचवणारं एन्झाइम) द्या.

डाय कुठे आहे तेही बघा. ५ प्राइमला असेल तर ३ प्राइमकडून खाल्लं जाताना बँड हळूहळू छोटा होताना दिसतो, ३ प्राइमला असेल तर एखाद-दोन घासांतच डाय सुटून जातो आणि बाकीचा स्ट्रँड शाबूत असला तरी सगळं संपलं असं वाटतं. कॅप असलेलं आणि नसलेलं दोन्ही सारख्याच वेगानं संपत असेल तर बहुधा एन्डोन्यूक्लिएजचं काम चाललंय, मग टोकं सोडा आणि ऑलिगोलायसिन-पेग कोटिंग (धनभारित पेप्टाइडला पेग पॉलिमर जोडलेलं आवरण) किंवा ३१० नॅनोमीटर यूव्हीनं शेजारचे थायमिन जोडण्याकडे वळा.