सिटकात हॅलिबट धरायचा तर

अलास्कातल्या सिटकाला हॅलिबट या चपट्या समुद्री माशासाठी जाताय? आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. पाणी थांबतं तेवढ्या वेळात दोरीला बांधलेलं शिशाचं वजन नीट तळाला टेकतं. ओढ वाढली की दोरी तिरकी जाते. आमिष हेरिंग या छोट्या माशाचं. गळ गोल वळणाचा, तो आपोआप तोंडात अडकतो, म्हणून चावा जाणवला तरी हिसका देऊ नका. माझा पहिला मासा तसाच सुटला, अजून चुटपुट लागते. काठी वाकून तशीच राहिली की सावकाश गुंडाळा. वर आल्यावर निरखून बघा, दोन्ही डोळे बहुधा उजव्या अंगाला! 16 वर्षं पूर्ण झालेल्या पाहुण्यांना परवाना हवाच. किती मासे ठेवायचे याचे नियम बदलतात, निघण्याआधी वाचा. परतल्यावर सिटकातली कॅसल हिल ही टेकडी चढा. 1867 मध्ये रशियाने अलास्का अमेरिकेच्या हवाली केला तो तिथेच.