परिच्छेद नीट कसा लिहावा: पदवीच्या तयारीवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी

बारावी होऊन पदवीच्या वर्गात जाण्याआधी काही कॉलेजांत तयारीवर्ग घेतात. त्यात नुकतीच शाळा सोडलेली मुले असतात, तशीच शिक्षण सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी पुन्हा वही उघडणारी माणसेही असतात. दोघांची अडचण एकच. बोलता उत्तम येते, मुद्दा माहीत असतो, पण तोच मुद्दा दहा ओळींत उतरवायचा म्हटले की वाक्ये एकमेकांत अडकतात.

मग सल्ले मिळतात. रोज अग्रलेख वाचा. सुविचाराने सुरुवात करा. व्याकरणातल्या प्रयोगांच्या व्याख्या पाठ करा. हे सल्ले मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे आणि त्यांनी कुणाचा परिच्छेद सुधारलेला मला दिसलेला नाही. अग्रलेखाने विचाराला खाद्य मिळते, पण आपले मोडलेले वाक्य कुठे मोडले ते कळत नाही. सुविचाराने पहिल्या दोन ओळी वाया जातात. आणि कर्मणी प्रयोगाची व्याख्या घडाघडा म्हणणारा विद्यार्थी पुढच्याच पानावर ‘त्यांनी शाळा काढली आणि पुढे गेले’ असे लिहितो.

खालचा क्रम एका परिच्छेदासाठी आहे. आठ-दहा वाक्ये, एक मुद्दा. निबंधाचे नंतर बघता येईल.

१. विषय पुरत नाही, विधान लागते

‘एसटी’ हा विषय झाला. त्यावर नेमके काय म्हणायचे ते ठरलेले नसते, म्हणून मुले आठवेल ते सगळे लिहितात. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. एसटी ही ग्रामीण भागाची जीवनवाहिनी आहे. एसटीत सवलती मिळतात. खासगी गाड्यांपेक्षा प्रदूषण कमी होते. यातले एकही वाक्य खोटे नाही, पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

‘आमच्या गावातल्या मुलींचे कॉलेज सकाळच्या एसटीवर अवलंबून आहे’ हे विधान झाले. ते लिहिल्याबरोबर १९४८ आपोआप बाहेर जाते, आणि गाडीची वेळ, तालुक्याचे अंतर, परतीची सोय या गोष्टी आत येतात. विधान ओळखायची खूण अशी: त्याला ‘कशावरून?’ असे विचारता आले पाहिजे आणि उत्तर सात-आठ वाक्यांत देता आले पाहिजे. ‘जीवनवाहिनी आहे’ यालाही कशावरून असे विचारता येते, पण त्याचे उत्तर द्यायला अख्खा महाराष्ट्र पालथा घालावा लागेल.

हे वाक्य परिच्छेदाच्या आरंभीच लिहा. शेवटासाठी राखून ठेवू नका. तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो, तुम्ही काय सिद्ध करणार आहात ते त्याला पहिल्या ओळीत कळू द्या.

२. कच्चे लिहून काढा

सलग, एक ओळ सोडून एक, खाडाखोड न करता.

३. प्रत्येक क्रियापदाला त्याचा कर्ता विचारा

खरी मेहनत इथे आहे. मला स्वतःला कॉलेजात गेल्यावर हाच टप्पा सगळ्यात जड गेला, आणि आजही वर्गातला निम्म्याहून अधिक वेळ मी यालाच देते. हे वाक्य बघा. असे वाक्य दर वर्षी वर्गात येतेच:

‘महात्मा फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि विरोधाला न जुमानता पुढे गेले आणि १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला.’

माहिती बरोबर आहे. बोलताना कुणी असे म्हटले तर कानाला खटकणारही नाही. आता क्रियापदांखाली रेघ मारा: काढली, गेले, झाला. काढली, कोणी? फुले यांनी. गेले, कोण? फुले. पण या वाक्यात नुसते ‘फुले’ कुठेही नाहीत, ‘फुले यांनी’ आहेत, आणि ‘फुले यांनी पुढे गेले’ असे मराठीत होत नाही. स्थापन झाला, कोण? समाज. म्हणजे ज्यांच्याविषयी परिच्छेद आहे ते फुले तिसऱ्या तुकड्यात बाहेरच पडले. समाज कोणी स्थापन केला हे वाक्य सांगतच नाही.

कारण सोपे आहे. भूतकाळात ज्या क्रियेला कर्म असते तिचा कर्ता ‘ने’ किंवा ‘नी’ घेतो आणि क्रियापद कर्मामागे जाते: शाळा काढली, वाडा बांधला, पुस्तक लिहिले. जाणे, येणे, झटणे, घाबरणे अशा कर्म नसलेल्या क्रियांचा कर्ता प्रत्ययाशिवाय येतो. एका वाक्यात या दोन जाती ‘आणि’ने जोडल्या की पहिल्या क्रियापदाचा कर्ता दुसऱ्याला चालत नाही. दुसऱ्याला त्याचा स्वतःचा द्यावा लागतो. काही क्रियापदे कर्म असूनही ‘ने’ घेत नाहीत: बोलणे, शिकणे, विसरणे, चुकणे, नेसणे. ‘ती कविता विसरली’, ‘तो रस्ता चुकला’. ही यादी मात्र पाठच करा, दुसरा इलाज नाही.

शाळेत हे का लक्षात येत नाही? कारण शाळेतले निबंध ‘मी’चे असतात. माझी सहल, माझा आवडता सण. ‘मी घरी गेले आणि अभ्यास केला’ हे वाक्य बिनचूक आहे, कारण ‘मी’ दोन्हीकडे ‘मी’च राहतो. आम्ही, तू, तुम्ही यांचेही तेच. कॉलेजात पाऊल टाकले की परिच्छेद फुल्यांचा होतो, शेतकऱ्यांचा होतो, सरकारचा होतो, आणि तेव्हा ‘ने’ डोके वर काढतो. इतकी वर्षे बरे लिहिणारी मुलगी एकाएकी अडखळू लागते ती यामुळे. तिला ‘तुझे व्याकरण कच्चे आहे’ असे सांगणे अन्यायाचे आहे. तिच्यासमोर हा प्रश्न आधी कधी आलाच नव्हता.

सोलापूर, लातूर, उदगीरकडची मुले ‘मी काम केलो’, ‘मी सांगितलो’ असे बोलतात. त्यांच्या बोलीचा तो नियमच आहे आणि तिथे तो चोख पाळला जातो. त्यांना हसणाऱ्या शिक्षकांचा मला मनापासून राग येतो. अशा मुलांनी घरची भाषा बदलू नये. फक्त उत्तरपत्रिका लिहिताना हा टप्पा दोनदा करावा.

दुरुस्ती अशी करा. पेन्सिलीने प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि समासात, म्हणजे पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, त्याचा कर्ता त्याला हवा त्याच रूपात लिहा: ‘फुले यांनी’, ‘फुले’, ‘समाज’. समासातले रूप वाक्यात सापडत नसेल तर तिथे पूर्णविराम द्या आणि कर्ता नव्याने लिहा:

‘महात्मा फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. विरोधाला न जुमानता ते पुढे गेले. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली.’

हे मनातल्या मनात करू नका, ही माझी ताकीद समजा. आपले लिखाण वाचताना डोळा नसलेला कर्ता परस्पर भरून घेतो आणि वाक्य बरोबर वाटते. समासात शब्द लिहावाच लागला की फसवणूक होत नाही.

‘वाक्ये छोटी ठेवा’ हा सल्ला इथे बरेच जण देतात. तो अर्धाच खरा आहे. सगळी वाक्ये चार-चार शब्दांची केली की परिच्छेद तुटक होतो. जोडायचेच असेल तर ‘ऊन’ प्रत्ययाने (जाऊन, सोडून) जोडा, पण त्याची शिस्त पाळा. ‘ऊन’च्या वाक्यात कर्त्याचे रूप शेवटच्या क्रियापदावर ठरते. ‘काका मला सोडून घरी गेले’, पण ‘काकांनी घरी जाऊन दार उघडले’. ‘काकांनी मला सोडून घरी गेले’ हे चूक.

‘ऊन’ची दुसरी अट: दोन्ही कामे करणारा माणूस एकच हवा. ‘स्टँडवर पोचून गाडी निघून गेली होती’ या वाक्यात स्टँडवर गाडी पोचल्यासारखे होते. पोचले होते मी. दोन वेगळे कर्ते असले की ‘ल्यावर’ किंवा ‘तेव्हा’ वापरा: ‘मी स्टँडवर पोचले तेव्हा गाडी निघून गेली होती.’ याला दोन रास्त अपवाद आहेत. ‘आवाज ऐकून मला भीती वाटली’ बरोबर आहे, कारण ऐकणारी आणि घाबरणारी एकच. ‘पाऊस पडून चिखल झाला’ हेही बरोबर, कारण तिथे एका घटनेतून दुसरी निघते. माणसाची कृती आली की मात्र अट सोडू नका.

४. जोडशब्द तपासा

‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ लिहिले असेल तिथे मागच्या वाक्यात खरोखर कारण आहे का ते बघा. ‘म्हणून एसटी महत्त्वाची आहे’ ही शेवटची ओळ खोडून टाका. ती काहीही न सांगता पहिली ओळ पुन्हा म्हणते.

इथपर्यंत आल्यावर परिच्छेद साधारण असा दिसायला हवा:

‘आमच्या गावातल्या मुलींचे कॉलेज सकाळच्या एसटीवर अवलंबून आहे. तालुक्याचे गाव अठरा किलोमीटरवर आहे. साडेसहानंतरची गाडी थेट साडेदहाला येते आणि कॉलेजचा पहिला तास आठला सुरू होतो, त्यामुळे तिचा उपयोग नाही. मुले कुणाच्या तरी मोटारसायकलवर जातात. मुलींना घरचे तसे जाऊ देत नाहीत. गेल्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले आणि गाडी आठवडाभर गावात पोचली नाही. त्या आठवड्यात मुले वर्गात होती, मुली घरी होत्या.’

यात एकही अलंकारिक वाक्य नाही. प्रत्येक वाक्य पहिल्या ओळीच्या ‘कशावरून?’चे उत्तर देते. क्रियापदे तपासून बघा, प्रत्येकाचा कर्ता जागेवर आहे.

५. शुद्धलेखन आता

आधी नको. जे वाक्य खोडायचे आहे त्यातली वेलांटी सुधारत बसण्यात काय अर्थ आहे?

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ साली शासनमान्य झाले, १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. हे १८ नियम पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहून देणारे वर्ग मी पाहिले आहेत. मुले घाबरून जातात. सुरुवातीला तीन पुरेत.

शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: वही, कवी, गुरू, वस्तू. पण आणि, नि, परंतु, तथापि, अति हे ह्रस्व. मोबाइलवर टाइप करताना ‘आणी’ होऊन जाते, तिकडे लक्ष ठेवा.

अकारान्त शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षराचा इकार-उकार दीर्घ, आणि प्रत्यय लागला की तोच ह्रस्व: गरीब–गरिबाला, वकील–वकिलाने, मूल–मुलाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत: गुण, मधुर, मंदिर, आणि शरीर–शरीराला.

तिसरा नियम मी सर्वांत महत्त्वाचा मानते: अनेकवचनी नामाला प्रत्यय लागताना त्याआधी अनुस्वार. ‘शेतकऱ्याचा प्रश्न’ हा एका शेतकऱ्याचा. ‘शेतकऱ्यांचा प्रश्न’ सगळ्यांचा. आदरार्थी बोलतानाही तसेच: ‘बाईंनी शिकवले’, ‘सरांचा तास’. हा टिंब विसरला तर अर्थच बदलतो, त्यामुळे वेलांट्यांच्या आधी यावर नजर फिरवा.

६. विरामचिन्हे

पूर्णविराम आणि स्वल्पविराम एवढ्यावर परिच्छेद उभा राहतो. ही चिन्हे आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने आली आणि एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी या इंग्रज कोशकाराने ती मराठीत रुजवली. त्याआधीच्या मोडी लिखाणात ती नव्हती. उद्गारचिन्ह सध्या बाजूला ठेवा.

७. दुसऱ्याकडून वाचून घ्या

शेजारच्या बाकावरच्याला तुमचा परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. स्वतः वाचू नका, तुम्ही चुकीवरून सराईतपणे पुढे जाल. तो जिथे अडखळेल किंवा मागे जाऊन पुन्हा वाचेल तिथे खूण करा. अडखळण्याचे कारण त्याला विचारू नका, त्याला ते सांगता येणार नाही. त्या वाक्यापुरता तिसरा टप्पा पुन्हा करा, बहुतेक वेळा तिथे कर्ता हरवलेला सापडतो.

पुढच्या परिच्छेदासाठी नवा विषय शोधू नका. याच परिच्छेदातले एक वाक्य उचला, उदाहरणार्थ ‘मुलींना घरचे तसे जाऊ देत नाहीत’, आणि त्याला ‘कशावरून?’ असे विचारून पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करा.