अणूची मॉडेल्स घोकू नका, कुठलं कशामुळे पडलं ते पकडा

डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड, बोर अशी नावं ओळीने पाठ केली की परीक्षेनंतर आठवडाभरात सगळी उडून जातात, माझंही तेच झालं होतं. त्यापेक्षा कोरा कागद घ्या, पेन्सिल घ्या (पेन नको, का ते पुढे कळेल) आणि प्रत्येक चित्राखाली फक्त एवढंच लिहा की हे कशामुळे पडलं.

आधी भरीव गोळा काढा, हा डाल्टन, 1808. अणू फुटत नाही आणि एका मूलद्रव्याचे सगळे अणू वजनाने सारखे. हे हवेतलं नव्हतं हां, 12 ग्रॅम कार्बनला 16 नाहीतर बरोबर दुप्पट 32 ग्रॅम ऑक्सिजन लागतो, असल्या हिशोबातून आलेलं. खाली लिहा: 1897, थॉमसनला इलेक्ट्रॉन (निगेटिव्ह चार्जचा बारीक कण) सापडला, म्हणजे अणूच्या आत काहीतरी आहे. मग पॉझिटिव्ह चार्जच्या गोळ्यात इलेक्ट्रॉन रुतवून टाका, झालं थॉमसनचं मॉडेल, फार वेळ घालवू नका.

वेळ घालवायचा तो 1909 वर. रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत गायगर आणि विशीतला मार्सडेन अंधारात बसून मायक्रोस्कोपमधून पडद्यावरच्या बारीक चमका मोजतायत, पातळ धातूच्या पत्र्यावर अल्फा कण (पॉझिटिव्ह चार्जचे वेगवान कण) सोडलेत, बहुतेक सरळ आरपार जातात पण साधारण 8000 मधला एखादा चक्क उलटा फिरतो! चार्ज सगळीकडे पसरलेला असता तर एवढा जोरात धक्का बसलाच नसता, म्हणून 1911 मध्ये रदरफोर्ड म्हणाला की पॉझिटिव्ह चार्ज सगळा मधोमध एकवटलाय, तेच बारीकसं केंद्रक. किती बारीक? 1 मिलिमीटरचा ठिपका काढा, आता त्या मापाने अख्खा अणू काढायला दहा मीटरपासून शंभर मीटरपर्यंत कागद लागेल, त्यामुळे आपलं चित्र खोटंच असणार, चालेल.

पण केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून केंद्रकात कोसळायला हवा ना? बोरने 1913 मध्ये ठरावीक कक्षा दिल्या, हायड्रोजनच्या प्रकाशातल्या रंगरेषा बरोबर जुळल्या, हेलियमपाशी मात्र गाडी अडली. आता त्या कक्षा बोटाने पुसून धूसर करा, 1926 चा श्रोडिंगर, इलेक्ट्रॉन अमुक जागी असण्याची शक्यता दाखवणारा ढग. पेन्सिल यासाठीच.

एक गंमत, न्यूट्रॉन (केंद्रकातला चार्ज नसलेला कण) याच्याही नंतर, 1932, चॅडविक. बरेचजण तो बोरच्या आधी टाकतात. तो केंद्रकात लिहिलात की परत पहिल्या गोळ्याकडे या आणि 'वजनाने सारखे' यावर काट मारा, कारण न्यूट्रॉन कमीजास्त असले की त्याच मूलद्रव्याच्या अणूंचं वजन बदलतं.