कोकण रेल्वेतून सह्याद्री: कुठल्या बाजूला बसायचं, फोटो कधी काढायचा

रोह्यापासून दक्षिणेला कोकण रेल्वे सह्याद्रीला साधारण समांतर धावते. सह्याद्रीचे फाटे मात्र समुद्राकडे उतरत येतात आणि दोन फाट्यांच्या मधून एकेक नदी वाहते: सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री. रूळ या सगळ्यांना आडवे छेदत जातात. म्हणून फाटा आला की कटिंग (डोंगर कापून काढलेली वाट) आणि बोगदा, खोरं आलं की भातखाचरं आणि पूल. हा क्रम ध्यानात ठेवला की फोन कधी हातात घ्यायचा ते कळतं. पुलावर नजर मोकळी होते. पूर्वेला, नदी जिकडून येते तिकडे, पात्राच्या शेवटी सह्याद्री उभा असतो. पश्चिमेला नदी खाडीकडे निघालेली असते. समुद्र दिसेल या आशेने पश्चिमेची खिडकी धरू नका. महाराष्ट्रातल्या टप्प्यात रूळ समुद्रापासून बरेच आत आहेत.

मुंबईहून मडगावकडे जाताना सह्याद्री डाव्या हाताला. अडचण अशी की सकाळी सूर्यही त्याच बाजूला असतो. डोंगर काळपट, सपाट दिसतात आणि त्यांच्यामागचं आभाळ पांढरंफटक येतं. एकामागे एक निळसर होत जाणाऱ्या डोंगररांगा हव्या असतील तर हाच प्रकाश उत्तम. फक्त स्क्रीनवर आभाळावर बोट ठेवून उजेड त्यावर बेतून घ्या. कडे, घळी, झाडी स्पष्ट हवी असेल तर सूर्य पश्चिमेला कलायला हवा. मुंबईहून सकाळी सुटणाऱ्या मांडवी एक्स्प्रेसने खेड-चिपळूण दुपारच्या आत निघून जातं, वैभववाडी-कणकवली मात्र दुपारनंतर येतं. त्या पट्ट्यात सह्याद्रीची भिंत उजेडात असते. परतीची मांडवी मडगावहून सकाळी निघते आणि चिपळूण-खेडला दुपार कलल्यावर पोहोचते. तेव्हा उजवी बाजू धरा. उत्तर रत्नागिरीतल्या डोंगरांचे फोटो घ्यायचे असतील तर परतीचा प्रवासच जास्त देतो. पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लागू असतं, त्यामुळे वेळा नव्याने बघून घ्या. ढगाळ दिवशी उजेड सगळीकडून सारखा येतो, मग कुठलीही वेळ चालते.

स्लीपरमध्ये साइड लोअर घ्या: ७, १५, २३, ३१, म्हणजे आठच्या पाढ्यातून एक वजा. बर्थ दुमडला की समोरासमोर दोन खिडक्या मिळतात. पण डबा कुठल्या तोंडाने जोडला जाईल यावर ती बाजू डावी की उजवी हे ठरतं, आणि ते तिकीट काढताना समजत नाही. बाजू उलटी आली तर समोरच्या कप्प्यातल्या प्रवाशांना विचारा. दहा मिनिटांसाठी खिडकी द्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. बसल्या बसल्या शटरची खिट्टी नीट अडकली आहे ना, ते वरून खाली दाबून तपासा. सैल खिट्टी धक्क्याने सुटते आणि शटर सरळ बोटांवर येतं. जनशताब्दी आणि तेजसचा विस्टाडोम (मोठ्या काचांचा) डबा नुसतं बघायला फारच सुंदर. फोटोसाठी मात्र काच नसलेली उघडी खिडकीच बरी.

आता फोन. गाडी ताशी ८० किलोमीटरने धावत असेल तर सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. जवळची झाडं पुसट येणारच, पण एक किलोमीटरवरचा डोंगर या वेगाने हलत नाही. तो बिघडतो हाताच्या आणि डब्याच्या थरथरीने. म्हणून कोपर खिडकीच्या कडेवर टेकू नका. डब्याची सगळी थरथर फोनमध्ये उतरते. कोपरं बरगड्यांना लावा, फोन दोन्ही हातांनी धरा, लेन्स दोन गजांच्या बरोबर मध्ये आणा. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड (हाताने सेटिंग बदलायची सोय) असेल तर कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवा, पावसाळी उजेडात १/५००, आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर. नाइट मोड आणि एचडीआर बंद ठेवा; ते अनेक फोटो एकावर एक जोडतात आणि धावत्या गाडीतून जवळच्या फांद्या दुहेरी दिसतात. अल्ट्रावाइड लेन्समध्ये गज घुसतात आणि डोंगर टेकडीएवढा होतो. डोंगरासाठी दुप्पट किंवा तिप्पट झूम योग्य.

२०२२ मध्ये सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. तेव्हापासून विजेचे खांब दर दोन-तीन सेकंदांनी चौकटीतून जातात. उपाय सोपा आहे: एक खांब डोळ्यांसमोरून गेला रे गेला की बर्स्ट (एकापाठोपाठ फोटो) दाबा आणि पुढचा यायच्या आत सोडा. मिळालेल्या पाच-सहा फोटोंतून एक ठेवा.

बोगद्यातून बाहेर पडताना पहिला फोटो पांढरा येतो, कारण फोनने अंधाराशी जुळवून घेतलेलं असतं. बोगद्यात शिरण्याआधी उजेडातल्या लांबच्या डोंगरावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर (फोटोतला उजेड) आणि फोकस लॉक होईल. मग बाहेर येताच फोन तयार असतो. संगमेश्वर सोडलं की उक्षी येतं. पावसाळ्यात उक्षीजवळ रानपाटचा धबधबा गाडीतून दिसतो, पण क्षणभरच, तेव्हा आधीपासून तयार राहा. त्यानंतर साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा. ही चार-पाच मिनिटं लेन्स पुसायला आणि खराब फोटो उडवायला वापरा. रत्नागिरी गेल्यावर निवसरच्या अलीकडे पानवल नदीचा पूल येतो. उंची सुमारे ६४ मीटर, लांबी ४२४ मीटर. अर्ध्या मिनिटाच्या आत तो संपतो. पूल स्वतः गाडीतून दिसत नाही, दिसते ती खालची दरी. म्हणून आभाळ कमी ठेवून फोन किंचित खाली झुकवा. कुठलं स्टेशन येतंय हे मोबाइलवर बघायचं तर नकाशा आधीच डाउनलोड करा, बोगद्यांमध्ये नेटवर्क जातं.

वीरच्या पुढे मार्ग एकेरी आहे, त्यामुळे गाडी क्रॉसिंगला, म्हणजे समोरच्या गाडीला वाट द्यायला, लहान स्टेशनांवर थांबते. फोटोंसाठी याहून चांगली वेळ नाही. थरथर नाही, घाई नाही. तेव्हा शटर १/२०० केलं तरी चालतं. खाली मात्र उतरू नका, समोरची गाडी गेली की सिग्नल लगेच मिळतो.

जून ते सप्टेंबर हिरवाई आणि धबधबे, पण माथे ढगात. ढगाच्या पांढऱ्याने फोन फोटो काळवंडतो, एक्स्पोजर अर्धा स्टॉप (+०.५) वाढवा. ऑक्टोबरात पाऊस उघडला की हवा धुतलेली असते, भात पिवळं पडलेलं असतं आणि कड्यांवरच्या घळी मोजता येतात. सह्याद्रीसाठी हाच महिना. मार्चपासून धुरकट हवेत लांबची रांग विरून जाते.

हात किंवा फोन गजांबाहेर काढू नका. खांब, सिग्नल आणि बोगद्याची भिंत जवळून जातात. फोनला मनगटात अडकवायची दोरी लावा. दारात फोटो घ्यायचा तर पायरीवर उतरू नका. पायरीवरून प्रवास करणं रेल्वे कायद्याच्या कलम १५६ प्रमाणे गुन्हा आहे.

एसी डब्यात लेन्स काचेला टेकवा आणि भोवती गडद रुमाल धरा, म्हणजे आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब पडणार नाही. बाहेरून काच मळकी असेल तर आतून कितीही पुसून उपयोग नाही, दुसरी खिडकी शोधा. एसीतून दाराकडे आलात की दमट हवेने लेन्सवर लगेच वाफ धरते. ती पुसली तरी पुन्हा येते. फोन बाहेरच्या हवेइतका गरम व्हायला दहाएक मिनिटं द्या, म्हणजे मुंबईहून जाताना चिपळूणचे फोटो हवे असतील तर खेडलाच दाराशी या.